परबांचे टेक्निशियन

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने मला विचारलं, "आजी, आमच्या टीमचा ओनर गुड आहे की बॅड?" तुमच्या शहरातल्या बेसबॉल टीमच्या मालकाने म्हणे आपल्या कंपनीची कमाई ओतून ठिकठिकाणचे उत्तम खेळाडू आणले आणि आता ती टीम जिंकत सुटली आहे. अन्वीचं म्हणणं, हे चीटिंग आहे. ईशानचं म्हणणं, पैसे त्याचे, टीम त्याची, आणि कप आला ना! मी म्हटलं, विचार करून लिहून कळवते. हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. जिथे अडेल तिथे तिला थांबवून विचारा.

बेसबॉलमधलं मला काही कळत नाही. पण एक मालक मी अगदी जवळून पाहिला. मस्कतमध्ये, अल् घुब्राच्या आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर ते राहायचे. त्यांचं नाव दत्ताराम परब.

परब वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातले. मस्कतला आले ते एसी मेकॅनिक म्हणून. रुवीतल्या एका गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात त्यांनी बरीच वर्षं काढली. आमची ओळख झाली तोवर त्यांची स्वतःची कंपनी झाली होती. एसी बसवायचे, दुरुस्त करायचे आणि मासे, फळं, मांस ठेवायच्या मोठ्या शीतगृहांची देखभाल करायची. कंपनीत एक ओमानी भागीदार होते. ते सह्यांना आणि ईदला दिसत. बाकी सगळा कारभार परबांचा.

अंगाने बुटके, मान कायम एका बाजूला कललेली. आयुष्यभर यंत्रांना कान लावून ती तशीच राहिली असावी. बोलतानासुद्धा ते समोरच्याकडे बघत नसत, कान पुढे करत. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा ऐन जूनमध्ये आमचा फ्रिज बंद पडला. परब वर आले. हत्यारांची पेटी दाराशीच ठेवली आणि फ्रिजच्या पाठीवर पंजा टेकवून डोळे मिटून उभे राहिले, आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसे.

"वहिनी, ह्याला ताप आहे," ते म्हणाले. "भिंतीला खेटून ठेवलाय. श्वास कुठून घेणार तो?"

फ्रिज वीतभर पुढे ओढला आणि तो सुरू झाला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला. तुमचे आजोबा विमा कंपनीत. त्यांना प्रत्येक गोष्टीत आधी अपघात दिसायचा. ते म्हणाले, "परब, नशीब वायर जळली नाही." तर परब म्हणाले, "साहेब, मशीन आधी सांगतं. बिघडायच्या आधी पुष्कळ दिवस सांगत असतं. आपण ऐकत नाही."

गंमत म्हणजे एवढा एसीचा व्यापारी, पण स्वतःच्या गाडीत एसी लावत नसत. काचा खाली करून, तो भाजका वारा तोंडावर घेत गाडी चालवायचे. "एसी हा माझा धंदा आहे, सवय नाही," म्हणायचे. त्यांची बायको सुनंदावहिनी मागच्या सीटवर ओढणी तोंडाला गुंडाळून बसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांका गाडी नको, होडी व्हयी होती."

आता क्रिकेटचं.

इथे मस्कतला शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन कामगार आपापल्या कंपनीच्या नावाने क्रिकेट खेळतात. नीट आखलेली लीग असते, वरचे-खालचे गट असतात. परबांचे मेकॅनिकही खेळत. तेव्हाचं मैदान म्हणजे कोरड्या नदीकाठची, दगड वेचून साफ केलेली जमीन. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची चटई. परब कडेला खुर्ची टाकून बसायचे. बायका पुलाव न्यायच्या. मीही जायचे, कारण पुलावाबरोबरची कोशिंबीर माझ्याकडे असायची.

एका शुक्रवारी परबांची टीम लालजीभाईंच्या टीमकडून फारच वाईट हरली. लालजीभाई बांधकाम सामानाचे मोठे व्यापारी, खुशमिजास माणूस. सामना संपल्यावर सगळ्यांसमोर चहा पिताना ते म्हणाले, "परबभाई, आपकी टीम तो आपके एसी जैसी है. चालू होते वक़्त आवाज़ बहुत, फिर ट्रिप!"

सगळे हसले. परबही हसले. परतताना आम्ही त्यांच्याच गाडीत होतो. घुब्रा येईपर्यंत गाडीच्या चारी काचा वर होत्या. सुनंदावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एसी फुल्ल चालू होता आणि आम्हाला दोघींना कापरं भरलं होतं.

त्या वर्षापासून परबांच्या धंद्याची घडी बदलली. उन्हाळाभर कंपनीने कमवायचं आणि हिवाळाभर टीमने खायचं. आधी नवीन बॅटी आल्या. मग कोच आला. मग चेंडू फेकणारं यंत्र आलं, त्याला मात्र परब हात लावून ऐकत बसायचे. रुवीत खेळाडूंसाठी वेगळा फ्लॅट घेतला, त्यात व्यायामाची सामग्री आणि मटण शिजवणारा आचारी. वादी कबीरच्या कामगार-कॅम्पमध्ये राहणारे मेकॅनिक कुरकुरायला लागले, "आम्ही गावभर गार करतो, आमच्या खोलीतला एसी कोण बघणार?" परबांच्या कानावर हे गेलं होतं. त्यांनी तो एसी बदलून दिलाही, पण पुढच्या सीझननंतर.

हा नुसता खुळा नाद होता असं समजू नका. त्यात हिशेब होता. सामन्यांच्या शामियान्यात बँकांचे मॅनेजर, हॉटेलांचे मॅनेजर, बंदराकडचे लोक येऊन बसत. "वहिनी, टेंडर भरून कोण ओळखतं? टीम जिंकली की माणूस स्वतः हात पुढे करतो," परब म्हणायचे. आणि ते खरंही ठरलं. टीम वरच्या गटात चढली त्याच वर्षी सोहारच्या एका मोठ्या मासळी शीतगृहाचं देखभालीचं काम त्यांना मिळालं. तिथला मॅनेजर क्रिकेटचा वेडा होता. कंपनीने टीम उभी केली, टीमने कंपनी मोठी केली, आणि मोठ्या कंपनीने आणखी मोठी टीम करायला घेतली. असं ते चाक होतं.

पण त्यात एक गोष्ट होती, ती तुम्हाला नीट समजायला हवी. इथे मालकाला वाटेल तो माणूस आणता येत नाही. कुठल्या कामाची किती माणसं आणायची याची परवानगी ठरलेली असते. अमुक टेक्निशियन, अमुक ड्रायव्हर, अमुक मदतनीस. एसीच्या कंपनीला "क्रिकेटपटू" असा व्हिसा कोण देणार? म्हणून प्रत्येक खेळाडू टेक्निशियनच्या जागेवर यायचा. त्याच्या लेबर कार्डावर तसंच छापलेलं असायचं. एकटे परबच हे करत होते असं नाही. लालजीभाईंचा सलामीचा फलंदाज कागदावर सुतार होता, आणि त्याला फळीत खिळा ठोकता आला नसता. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर शामियान्यात विनोद व्हायचे. पण परबांचा एक खेळाडू वाढला की एक खरा टेक्निशियन कमी व्हायचा, हे विनोदात कुणी धरत नसे.

ते धरणारा एक माणूस होता, प्रकाश कांबळे. सोलापूरचे, इंजिनियर, परबांच्या सगळ्या शीतगृहांचे प्रमुख. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर आमच्याकडे न चुकता यायची. आठवड्यातले चार दिवस सोहारला, दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर. उंच, कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला टाळता न येणारे. एका संध्याकाळी परबांच्या गॅलरीत आम्ही सगळे चहा घेत होतो तेव्हा ते म्हणाले, "शेठ, सोहारला माणसं कमी पडतायत."

"कमी कशी? कार्डं मोजा ना."

"कार्डं व्हॉल्व्ह फिरवत नाहीत."

परब मोठ्याने हसले. "कांबळेसाहेब, फायनल झाली की दोन काय, चार देतो. यल्ला, चला, भजी घ्या."

"हे तुम्ही गेल्या फायनललाही म्हणाला होता."

"गेल्या फायनलला आपण हरलो होतो," परब म्हणाले, जणू त्यात उत्तर होतं.

कांबळेंची काळजी कशाची होती ते सांगते. मोठ्या शीतगृहात घरच्या फ्रिजमधला गॅस नसतो, अमोनिया असतो. तो डोळे आणि फुप्फुसं भाजून काढतो. त्या यंत्रणेत तळाशी तेल साचत जातं आणि ते अधूनमधून काढावं लागतं. त्यासाठी खाली एक नळी असते, तिच्यावर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. दांडा हाताने दाबून धरला तरच तो उघडा राहतो. हात सुटला की आपोआप बंद. माणूस घाबरून पळाला तरी गॅस थांबावा म्हणून तो तसा केलेला. एकाने दांडा धरायचा, दुसऱ्याने शेजारी उभं राहून लक्ष ठेवायचं. दोघेही शिकलेले हवेत. माणसं पुरत नव्हती म्हणून हे काम पुढे ढकललं जात होतं, आणि यंत्राचा आवाज बदलला होता. कांबळेंनी तो आवाज फोनवर टिपून परबांना पाठवला. परबांनी तो ऐकला की नाही, मला माहीत नाही. पूर्वीचे परब गाडी काढून सोहारला गेले असते आणि यंत्रावर हात ठेवून उभे राहिले असते.

परबांच्या खेळाडूंमध्ये जुनेद नावाचा एक वेगवान गोलंदाज होता, सियालकोटकडचा. ताडमाड, लाजाळू, जेवायला बसला की पातेलं रिकामं करणारा. परब त्याला पहिल्यांदा घेऊन वर आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, हा आपला नवा टेक्निशियन. गॅस भरत नाही, विकेट काढतो." सुनंदावहिनींचा त्याच्यावर फार जीव. "काय रे टेक्निशियन, मेरा फ्रिज देखेगा क्या?" त्या चिडवायच्या, आणि तो पोळी तोडता तोडता म्हणायचा, "भाभी, मैं देखूँगा तो दूध भी फट जाएगा."

सलग दोन सीझन त्याने टीमला फायनलपर्यंत नेलं. तिसऱ्या सीझनच्या मध्यात त्याचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिने चेंडू टाकायचा नाही. दुसऱ्या एखाद्या मालकाने त्याला त्याच आठवड्यात विमानात बसवलं असतं. परबांनी तसं केलं नाही. "पोरगा माझा आहे," ते म्हणाले. नवीन गोलंदाज आणला, पण जुनेदला ठेवून घेतला. फक्त रिकामा बसून खातोय असं इतर कामगारांना वाटू नये म्हणून त्याला सोहारला पाठवून दिला. "कार्ड टेक्निशियनचं आहे. राहू दे तिथे, शिकेल हळूहळू."

तो हे वाक्य किती सहज बोलला! लिहिताना मी परबांना "तो" म्हटलं, तसंच राहू दे.

कांबळे त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. बसले नाहीत. आजोबांना म्हणाले, "साहेब, आजपर्यंत मला माणसं कमी होती. आता कागदावर पूर्ण आहेत. आता मी कुणाला काय सांगू?"

आजोबा म्हणाले, "प्लँट बंद ठेवायचा अधिकार तुम्हाला आहे का?"

"शेठना विचारून," कांबळे म्हणाले.

फायनल मार्चअखेरच्या एका शुक्रवारी होती, पुन्हा लालजीभाईंच्याच टीमशी. आता सामने हिरवळीवर होतात, चांगल्या मैदानात. ऊन चढायला लागलं होतं, समुद्राकडून ती दमट, खारट वाफ यायला लागली होती. लालजीभाई ढोलवाले आणणार अशी बातमी होती. म्हणून परबांनी आपल्या सगळ्या शाखांमधून कामगारांना बसने बोलावलं. प्रत्येकाला पिवळा टी-शर्ट आणि बिर्याणी. सोहारच्या प्लँटवरूनही बस आली. तिथले खरे टेक्निशियन त्या बसमध्ये होते. मी त्यांना उतरताना पाहिलं, फार खूश होते. त्यांना कित्येक महिन्यांत पुरती सुट्टी मिळाली नव्हती.

तिथे मागे राहिले कांबळे आणि जुनेद.

सामन्याच्या दिवशी परबांचे काही नियम असत. एकच खुर्ची, तिच्यावरून उठायचं नाही. पाणी प्यायचं नाही. फोन सुनंदावहिनींच्या पर्समध्ये. मी वहिनींच्या शेजारी होते. आमची टीम फलंदाजी करून उठली होती, लालजीभाईंची सुरू झाली होती, तेव्हा ती पर्स थरथरली. वहिनींनी फोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि परबांकडे वाकल्या.

"कांबळे आसत. म्हणतत, मशीन बरा वाटत नाय, मच्छीवाले तर म्हणतत, तेल आजच काढा. आजच्या दिवस प्लँट बंद ठेवू काय, विचारतत."

परबांनी मैदानावरची नजर हलवली नाही. "बंद? आतली मच्छी कुसली तर कॉन्ट्रॅक्ट जातला. जुनेद आसा मां थंय?"

"आसा. पण तो…"

"मगे? दोन टेक्निशियन आसत. सांग तेंका, काम करा म्हणान."

अन्वी, परब कोकणातल्या बोलीत बोलत होते. ते म्हणाले, प्लँट बंद ठेवला तर मासे कुजतील आणि काम हातचं जाईल, जुनेद आहे ना तिथे, मग झालं, दोन टेक्निशियन आहेत, काम करा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते वेळ मारून नेत नव्हते. त्यांनी मनातल्या मनात माणसं मोजली होती आणि ती बरोबर भरली होती.

वहिनींनी तसं फोनवर सांगितलं. पलीकडचं ऐकत त्या नुसत्याच "हां… हां, सांगतंय" म्हणाल्या आणि फोन परत पर्समध्ये ठेवला.

सामना शेवटच्या टप्प्यात आला तेव्हा पर्स पुन्हा थरथरायला लागली. थांबली, परत सुरू झाली.

"अहो, परत कांबळे."

"ओव्हर संपांदे गो!"

ओव्हर संपली, पुढचीही संपली. लालजीभाईंचा शेवटचा गडी बाद झाला आणि सगळा पिवळा घोळका मैदानात धावला. ढोल लालजीभाईंचे होते, पण ढोलवाले आता आमच्यासाठी वाजवत होते. कामगारांनी परबांना खुर्चीसकट उचललं. मी वळून पाहिलं तर सुनंदावहिनी एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर तळहात दाबून उभ्या होत्या.

काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. कांबळेंनी जुनेदला दांड्याशी बसवलं. समजावलं, हात काढायचा नाही, वास आला तर हात सोडून वारा जिकडून येतो त्या बाजूला बाहेर पळायचं. स्वतः शेजारी उभे राहिले. तेवढ्यात कॉम्प्रेसरचा आवाज वाढला म्हणून ते आत बघायला गेले. जुनेदचा दुखरा खांदा भरून आला. दुसरा हात त्या कोपऱ्यात नीट पोचेना. त्याने खांद्याला बांधलेली इलॅस्टिकची पट्टी सोडली आणि तिने तो दांडा खाली बांधून ठेवला, थोडा वेळ हात झटकावा म्हणून. तेल संपलं आणि मागून अमोनिया आला. शिकलेला माणूस पळाला असता. जुनेद गाठ सोडवत बसला. आपण बांधलेलं आपणच सोडवायला हवं, असं त्याला वाटलं. कांबळे त्या पांढऱ्या धुरात तोंडाला ओला फडका लावून शिरले, पट्टी कापली आणि त्याला पायांना धरून ओढत बाहेर आणलं.

दोघेही जगले. जुनेदचा एक डोळा गेला, आणि दुसऱ्याने त्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. कांबळेंचा आवाज गेला. म्हणजे बोलता येतं, पण चाळणीतून आल्यासारखं, आणि दोन वाक्यांनंतर खोकला.

परब मैदानावरून तसेच सोहारला गेले, कपाळावर गुलाल आणि अंगात पिवळा टी-शर्ट. तुमच्या आजोबांना सोबत नेलं. आजोबा सांगायचे, हॉस्पिटलमध्ये परब तासन् तास जुनेदच्या पायाशी बसून होते. डॉक्टरांशी भांडले, मस्कतहून डोळ्यांचे तज्ज्ञ बोलावले, खर्चाचा विचार केला नाही. पुढे चौकशीला अधिकारी आले. त्यांनी विचारलं, हा माणूस काय काम करतो?

"टेक्निशियन," परब म्हणाले.

शिकलेला?

"कार्ड बघा ना. तीन वर्षं आहे माझ्याकडे."

आजोबा घरी आल्यावर मला म्हणाले, "माझा जन्म दावे तपासण्यात गेला. खोटं बोलताना माणसाचं काहीतरी हलतं, पापणी, बोट, काहीतरी. मी त्याच्याकडेच बघत होतो. काही हललं नाही गं."

कांबळेंनी खाटेवरून खरं सांगितलं. तो क्रिकेटर होता, त्याला व्हॉल्व्ह माहीत नव्हता. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मग त्याला दांडा तुम्ही का दिलात?" अहवालात टेक्निशियनची चूक आणि देखरेखीतली ढिलाई असं आलं. कंपनीचं सोहारचं काम टिकलं. मासळीसुद्धा वाचली.

कांबळे सोलापूरला परत जायच्या आधी आम्ही त्यांच्या घरी गेलो. खोक्यांवर चिकटपट्टी लावणं चाललं होतं. "शेठ येऊन गेले," ते त्या फाटक्या आवाजात म्हणाले. "फळं आणली होती. म्हणाले, सोहारसाठी नवा माणूस बघतोय. मी विचारलं, खेळणारा की काम करणारा? तर हसले, वहिनी. त्यांना वाटलं मी विनोद केला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, आता बरे झालात तुम्ही."

सुनंदावहिनी त्यानंतर कधी सामन्याला गेल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की माझा हात धरायच्या आणि सोडून द्यायच्या. परबांनी पुढच्या सीझनची तयारी एप्रिलमध्येच सुरू केली. कप त्यांच्या ऑफिसात दर्शनी जागी ठेवला होता आणि त्याच्या मागे भिंतीवर टीमचा फोटो होता. जुनेद त्या फोटोत नाही, कारण तो त्या दिवशी मैदानावर नव्हता.

शेवटचं परबांना पाहिलं ते विमानतळावर. त्याच वर्षी आम्ही तुमच्याकडे यायला निघालो होतो. आजोबा बॅगांची वजनं पुन्हा पुन्हा करून बघत होते आणि मी जुनेदला पाहिलं. काळा चष्मा, अंगात नवं कोरं जाकीट, त्याचा भाव लिहिलेला कागदी तुकडा अजून बाहीला लटकत होता. परबांनी त्याचा दंड धरला होता. रांगेतून ते त्याला हळूहळू पुढे नेत होते, "यहाँ पायरी नहीं है, सीधा चल," असं सांगत. काउंटरवर त्यांनीच त्याचा पासपोर्ट दिला, त्यांनीच खिडकीजवळची जागा मागून घेतली. मग विमान कंपनीची एक मुलगी चाकाची खुर्ची घेऊन आली. जुनेद खुर्चीत बसण्याआधी वळला, हाताने चाचपडत परबांचा खांदा शोधला आणि वाकून काहीतरी बोलला. बराच वेळ बोलत होता. परब त्याच्या डोक्यावर हात ठेवून मान हलवत होते. मग खुर्ची काचेच्या दारापलीकडे गेली.

परबांनी आम्हाला पाहिलं आणि आमच्याकडे आले. डोळे लाल होते.

"पोरगा रडला हो, वहिनी," ते म्हणाले. "पाया पडत होता. म्हणाला, सेठ, मेरी गलती से आपका नाम खराब हुआ, माफ कर दो. मी म्हटलं, जा बेटा, माझ्या मनात काही नाही."

आजोबांनी वरची बॅग उगाच पुन्हा उचलून बघितली.

"चांगला टेक्निशियन होता," परब म्हणाले. "इतकी वर्षं व्हॉल्व्ह हाताळले, कधी तक्रार नाही. एक दिवस हात चुकला. माणूस आहे, चुकायचाच."

मग रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. पाणी खरं होतं. आमच्या ट्रॉलीवरची वरची बॅग तिरपी होती, ती त्यांनी सरळ केली, तुम्हा दोघांना आशीर्वाद सांगायला सांगितलं आणि पार्किंगकडे चालायला लागले.